दूध झोपलंय

३ फेब्रुवारी

सूनबाईंनी आज बस फुटपाथवर चढवली!

पहाटेची पहिली फेरी, आत चिटपाखरू नव्हतं म्हणून निभावलं. कुणाला लागलं नाही. एक कचऱ्याचा डबा तेवढा चपटा झाला. मला दुपारी सांगितलं, भांडी घासता घासता — "आई, डोळा लागला माझा. स्टिअरिंगवर." मग नळ सोडून रडली, म्हणजे मला ऐकू जाऊ नये. मी काय बहिरी?

डेपोच्या साहेबांना तिने खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, दोन आठवडे घरी थांब, झोपेचं काय ते बघ. सतरा तारखेला पहिली बस घ्यायची. जमलं नाही तर तिकिटाच्या खिडकीत बसायचं, कायमचं.

खिडकीत बसवली तर ही वाळून जाईल. लग्न ठरताना माझ्या लेकाला तिने पगार विचारला नव्हता. विचारलं काय — "मी बस चालवलेली चालेल ना?"

आणि झोप कुणी खाल्ली? नातीने, आमच्या टिचकीने. पंधरा महिन्यांची बया, रात्री अकरा, एक, तीन, पाच — चार वेळा आईच्या अंगावर प्यायला! घड्याळ चुकेल, ही चुकायची नाही.

४ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे जाऊन आलो. म्हणाल्या, दिवसा पाजा खुशाल. रात्रीची एकेक वेळ सोडवा, एकदम तोडू नका, छातीत गाठी होतील. पोरगी उठली तर जवळ घ्या, थोपटा, पाणी द्या. पण रडत टाकू नका.

मी म्हटलं, आमच्या वेळी आम्ही कोरफड लावायचो, कडू.

"मग सुटलं का?"

आता खोटं कसं बोलू? माझ्या पठ्ठ्याने चाटूनपुसून साफ केली होती कोरफड, वर आणखी मागितली. सून इतकी हसली की बाहेरची माणसं डोकावली. बऱ्याच दिवसांनी हसली.

५ फेब्रुवारी

टिचकी आता माझ्याजवळ झोपणार, तिची आई पलीकडच्या खोलीत. दिवा घालवताना सून तिला म्हणाली, "दूध झोपलं हं. उजेड झाला की उठेल."

मी म्हटलं, घोरतं का गं ते? तुझ्या नवऱ्यासारखं?

टिचकीने मात्र ओठांवर बोट ठेवलं. "श्शू!"

अकराला उठलीच. अंधारात चाचपत माझ्या पोलक्यापर्यंत आली. म्हटलं, बाई गं, हे दुकान तीस वर्षांपूर्वी बंद झालं! भोकाड पसरलं. खांद्यावर घेऊन खोलीत चकरा मारल्या, पाठ थोपटली, येतील ती सगळी गाणी म्हटली, नाही येत तीही म्हटली. पाऊण तास. मग माझ्या मानेत नाक खुपसून झोपली.

एकला, तीनला, पाचला आईकडे नेऊन द्यायची. एका वेळी एकच.

७ फेब्रुवारी

अकराची वेळ सुटली. उठते, "दूद?" विचारते. झोपलंय म्हटलं की सुस्कारा टाकते, म्हातारीसारखा.

९ फेब्रुवारी

एकचीही सुटली! लेकाला कशाचा पत्ता नाही. सकाळी म्हणतो, "रडली नाही वाटतं हल्ली?" ह्याच्या कानात कापूस की मेंदूत?

१० फेब्रुवारी

घात झाला.

आज तीनची वेळ सोडवायची होती. तीनला खोली एकदम लख्ख! समोरच्या बेकरीवाल्याने भट्टी लावायला दुकानातला मोठा दिवा लावला. तो रोजच लावतो, पण रोज कुणाचं लक्ष होतं? टिचकी ताडकन उठून बसली. भिंतीवरच्या उजेडाकडे बोट.

"उठलं! उठलं!"

आणि पलंगावरून पालथी उतरून दुडुदुडु थेट आईच्या खोलीत. काय बोलणार? शब्द दिलाय ना — उजेड झाला की उठेल. पोरीने शब्द पाळला, आम्हीच पेचात! सुनेने पाजलं. म्हणाली, "तिचं काय चुकलं, आई?"

११ फेब्रुवारी

तीनला पुन्हा "उठलं!" खिडकीला चादर लावली होती. बयेने ओढून पाडली.

सुनेचे डोळे पुन्हा खोल गेलेत. सहा दिवस उरले. संध्याकाळी म्हणाली, "खिडकीतच बसते मी, आई. काय वाईट आहे? सावली असते." तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, भाजी चिर.

१२ फेब्रुवारी

गेले बेकरीत. तो पिठाने पांढरा झालेला. म्हटलं, तुमच्या दिव्याने आमच्या घरात दूध उठतं.

"नासतं म्हणता का, काकू?"

"नासत नाही हो, उठतं!"

सगळं समजावून सांगायला लागलं. लाजायचं किती, माझं वय काय! तो ऐकता ऐकता लाल झाला. मग खो खो हसत सुटला.

"काकू, वीस वर्षं पाव करतोय. माझ्या दिव्याने पीठ फुगतं एवढंच वाटायचं मला!"

पण माणूस भला. मैद्याची रिकामी पोती उसवून शिवतो म्हणाला, खिडकीला पडदा करतो. त्यालाही तीन पोरं आहेत. "आमच्या हिला तेव्हा असं कुणी नव्हतं," म्हणाला. मला चार बिस्किटं दिली.

१३ फेब्रुवारी

बेकरीच्या खिडकीला पोती! तीनला टिचकी उठली, भिंतीकडे बघितलं. अंधार. माझ्याकडे बघितलं. मी श्वास रोखून.

"दूद जोजो," असं मलाच सांगितलं. वर मलाच थोपटलं.

१४ फेब्रुवारी

तीनची सुटली, तर सून रात्री दारात उभी. गाऊन पुढून ओला. आत झोपलेल्या लेकीकडे बघत होती.

"आठवणसुद्धा काढली नाही हो तिने."

मी म्हटलं, काढत होती तेव्हा रडत होतीस, काढत नाही म्हणून रडतेस. तुझं गिऱ्हाईक पळालेलं नाही, बाई. रात्रपाळी बंद झाली फक्त.

हसली. थोडं दूध हाताने काढून, गार फडकं ठेवून झोपली. उजाडताच टिचकी जी चिकटली ती अर्धा तास! मी मुद्दाम तिकडे गेले नाही.

१५ फेब्रुवारी

पाचची राहिली. आणि सतराला उजाडेल तेव्हा आई तर बसवर! म्हणून आज रंगीत तालीम. सून साडेचारलाच फिरायला म्हणून बाहेर पडली, लेकाला मी पाय ओढून उठवला. बाप झालास ना? मग बस इथं.

पाचला पोरगी कुरकुरली. त्याने घाबरत घाबरत थोपटलं, जसं काही फुटेल. झोपली! पावणेसातला उजेड. "उठलं?"

लेक गडबडला. मग म्हणतो काय — "उठलं, आणि ड्युटीवर गेलं. दुपारी येईल."

टिचकीने विचार केला. आणि केळं मागितलं.

माझ्या पोटी इतकं हुशार कसं निपजलं? हे असते तर श्रेय स्वतःकडे घेतलं असतं.

१६ फेब्रुवारी

सून दहा ते पाच झोपली. सलग! आरशात बघून म्हणाली, "ही कोण?" डेपोत जाऊन साहेबांना तोंड दाखवून आली. उद्या पहिली बस तिचीच.

मला मात्र धीर धरवेना. लेकाला सांगून ठेवलंय, पोरगी सांभाळ, मी जरा बाहेर जाणार आहे. उद्या तिच्या मागच्याच सीटवर बसणार. मान कलली की जोरात खोकायचं.

१७ फेब्रुवारी

बसले. गाडी सुटली, पहिला स्टॉप आठवतोय. त्यानंतरचं काही नाही.

खांद्यावर हात. ऊन डोळ्यांवर. समोर सूनबाई, ताजीतवानी. "आई, उठा. तिसरी फेरी संपली. इतक्या गाढ होतात, उठवावंसं वाटेना."

हे गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती.