बॉयलर आधी, घर नंतर

मी, हिल्मा रौतानेन, वय ८४, राहणार डलूथ, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी अर्धा तास वाद घालावा. फिनिश कामगार सभागृहात चाळीस वर्षे भाषणे केली आहेत, दमणार नाही. याआधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

१. माझे घर वरच्या मजल्यावरील भाडेकरू टेसा ब्यूलियू हिलाच विकावे, बँकेचा मूल्यांकनकार ठरवील त्या किमतीला. मी फुकट देणार होते. ती म्हणाली, "हिल्माबाई, फुकट घेतलं तर तुमचा भाचा मला कोर्टात नाचवेल. मी कर्ज काढूनच घेणार." ती नऊ वर्षे इस्पितळात रुग्णांची उठबस करते आणि दोन मुली वाढवते. तिच्या शब्दाला मी मान देते.

२. हा व्यवहार फेब्रुवारीतच व्हायचा. तो माझ्यामुळे अडला. पाइपांतून गरम पाणी फिरवून घर तापवणारा तळघरातला बॉयलर सहा वर्षे बंद आहे. मला त्याची गरज वाटली नाही. बर्चची लाकडे, लोखंडी शेगडी आणि सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, असताना आमच्या लोकांना थंडी कसली? मूल्यांकनाच्या दिवशी मी पहाटेपासून शेगडी आणि सौना दोन्ही पेटवले. बँकेचे मूल्यांकनकार श्री. ऑर्डवे आले, कोट काढला, स्वेटर काढला, वेलदोड्याच्या पावाचे तीन तुकडे खाल्ले. मग बॉयलर सुरू करायचा भिंतीवरचा खटका फिरवला. तळघरातून आवाज नाही.

"बाई, बॉयलर बंद आहे."

"अहो, तुम्ही घाम पुसताय!"

"घाम माझा. बँकेला यंत्र लागतं. घरात कुणी नसलं तरी घर गरम राहायला हवं, पाइप गोठता कामा नयेत."

मग मी बोलले. माणसाच्या हातावर विश्वास न ठेवणाऱ्या बँकांबद्दल, खाणीतून येऊन ही घरे बांधणाऱ्यांबद्दल, वीस मिनिटे. त्यांनी शांतपणे ऐकले आणि लिहिले: बॉयलर चालू झाल्याशिवाय मूल्यांकन पूर्ण धरू नये. टेसाचे कर्ज थांबले. जिन्यात ती म्हणाली, "भाषण फार छान झालं. घर गेलं."

३. भाचा रेनो याच्या मालकीची अकरा भाड्याची घरे आहेत. त्याने माझ्याच टेबलाशी माझीच कॉफी पीत सल्ला दिला, "आत्या, बॉयलरला हात लावू नकोस. बँक कुणालाच कर्ज देणार नाही. मग रोखीने घेणारा मी एकटा, आणि भाव मी म्हणेन तो." अशा बंद बॉयलरांवरच त्याची अकरा घरे उभी आहेत. त्याला माझे घर मिळू नये.

त्याला मी मागच्या अंगणातले, उन्हाळ्यात घर थंड करायचे शीतयंत्र देते. त्यानेच ते स्वस्तात आणून बसवले आणि ते एकच उन्हाळा चालले. ऑर्डवे म्हणाले, थंडाव्याविना कर्ज अडत नाही, पण बसवलेले यंत्र मेलेले दिसले की घराची किंमत उतरते. ते त्याने स्वखर्चाने, पुढच्या मूल्यांकनाआधी उचलावे.

४. पुस्तके आणि विक्रीची रक्कम सभागृहाच्या वाचनालयास. कुऱ्हाड, करवत व रंधे सभागृहातले माझे जुने सहकारी कार्ल निस्कानेन यांस. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. कार्ल, तू १९७१ च्या संपात माझ्याविरुद्ध मत दिलेस. तू चुकला होतास, पण बाकी सगळ्यात भरवशाचा आहेस.

५. बॉयलरच्या बिघडलेल्या भागाच्या जागी नव्याची मागणी केली आहे, मजुरीसह पैसे भरले आहेत. भाग यायला सहा आठवडे लागतील म्हणतात. डॉक्टरांनी मला तेवढी खात्री दिलेली नाही, म्हणून हे कलम.

ऑर्डवे यांच्याशी मी वाद हरले, हे येथे नोंदवते. शेगडीला लाकूड घालायला मी लागते, आणि हा कागद वाचला जाईल तेव्हा मी नसेन. टेसा कामावर असेल, मुली शाळेत. तेव्हाही हे घर गरम राहिले पाहिजे. म्हणून कार्ल, बॉयलर सुरू झाल्यावर ऑर्डवे यांना पुन्हा बोलाव. त्या दिवशी शेगडी पेटवायची नाही, सौना पेटवायचा नाही, पाव भाजायचा नाही, आणि कोणीही एक शब्द बोलायचा नाही. त्यांना दार उघडून दे आणि तू बाहेर उभा राहा.

वरील सर्व वाचून, समजून घेऊन सही केली.

हिल्मा रौतानेन
डलूथ, १९ ऑक्टोबर २०२२

आमच्यासमोर सही झाली. या मृत्युपत्रात आमचा कोणताही वाटा नाही:
१. अर्नी सावोला, बॉयलर दुरुस्ती कारागीर
२. मार्गिट ऑस, शेजारीण