राणी रंगाचे सात नमुने

प्रिय रुची,

मराठी वाचताना तू अडखळतेस, ठाऊक आहे मला. तरी फोन न करता लिहितोय, कारण फोनवर मी विषय बदलतो. सावकाश वाच.

तुझ्या पत्रिकेचा सातवा नमुना आज निघाला. लग्नात आईचा शालू नेसणार आणि पत्रिकाही त्याच राणी रंगाची हवी, हा तुझा हट्ट. पहिला नमुना विटकरी आला, चौथा उकडलेल्या बिटासारखा. आजचा त्यातल्या त्यात बरा, पण जीव नाही त्यात. तीस वर्षं देवासात छापखाना चालवून एक रंग जमेना, याचा आधी राग यायचा. आता रागवायचाही कंटाळा आलाय.

छापखान्यांना रंग जुळवून देणाऱ्या इंदूरच्या अनीशने आपल्या मशीनचं प्रोफाइल, म्हणजे ते कुठले रंग छापू शकतं याची मोजणी, बनवून कॉम्प्युटरवर नकाशा दाखवला. मोठी आकृती डोळ्याला दिसणाऱ्या रंगांची, तिच्या पोटात छोटी, वेडीवाकडी आपल्या मशीनची. शालूचा ठिपका छोटीच्या बाहेर. म्हणाला, "भिया, ये रंग अपनी चार स्याही में है ई नी." मग न छापता येणारे रंग झाकायचं बटण त्याने दाबलं, तर लग्नाच्या फोटोतली तुझी आई पदरापासून निऱ्यांपर्यंत राखाडी झाली. चहा सांगायच्या निमित्ताने मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्या नकाशावरही फार विसंबता येत नाही. मी रंग जरा छोट्या आकृतीच्या आत ओढून बघितला, तरी कागदावर मळकाच उतरला. नकाशा सपाट असतो, रंग किती उजळ, किती गडद हे त्यात दिसतच नाही. शिवाय तो बघायचा स्क्रीनवर. स्क्रीनला जो रंग दाखवता येत नाही, तिथे ती जवळपासचा भरून मोकळी होते. आपण मात्र खरा समजून बघत बसायचं.

शालू शेजारी ठेवूनच जुळवताय ना, असं तू दर वेळी विचारतेस. मी हो म्हणतो. ते खोटं आहे, बाळा. मी त्या पिवळ्या पडलेल्या फोटोवरून जुळवतोय. काल तू म्हणालीस, रविवारी शालू घेऊन माझ्याकडे धारला या, ब्लाऊज शिवायला टाकायचाय. आता लपवण्यात अर्थ नाही. टाळेबंदीत तू बंगळुरूला अडकलीस आणि इकडे माझी मालन गेली. सवाष्ण गेली की लग्नाचा शालू नेसवून पाठवायची आपल्या घरची रीत. राजाबाई आत्याने विचारलं होतं, रुचीसाठी ठेवायचा का. मी नको म्हणालो. मला तिला पुन्हा एकदा त्यात बघायचं होतं. तुलाही बघावंसं वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रविवारी मी रिकाम्या हातांनी येईन. बोलू नकोस हवं तर, पण मला घरात घे.

तुझाच,
बाबा