भोंग्यावरचा आवाज

प्रिय आई,

फोनच करणार होतो, पण तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळेल, म्हणून लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, सांभाळून घे. शेजारच्या काकूंकडून वाचून घेऊ नकोस. तूच वाच, सावकाश.

कारखान्यामागच्या आमच्या पत्र्याच्या खोल्यांत गोवर शिरलाय. लसीची गाडी येते, पण आम्ही तिकडे फिरकत नव्हतो. सुई टोचली की पोर तापतं, बाईचा खाडा होतो, आणि मुकादमाला खाडा खपत नाही. तुझी सून म्हणायची, चिमणीला नेऊ या. मीच नको म्हणायचो. गाडीबरोबर दोन संशोधक पोरी असतात. कुणाचं ऐकून लोक लस घ्यायला येतात ते त्यांना शोधायचंय, म्हणून गाडीच्या भोंग्यावर दर खेपेला वेगळ्या माणसाचा टेप केलेला आवाज लावतात. डॉक्टर बोलले तेव्हा मी सगळ्यांना हसवलं, की साहेबांनाच सर्दी झालीय, आधी त्यांना टोचा.

परवा नळावर डबा धूत होतो आणि भोंग्यावर कुणीतरी खाकरलं. मग तू म्हणालीस, तर काय झालं. अशी सुरुवात करणारी जगात तू एकटीच. डबा हातातून कधी पडला कळलं नाही. तू सांगत होतीस, माझ्या थोरल्याला गोवर झाला, वाटलं येतो तसा जाईल, तर पोरगाच गेला. धाकट्याला मात्र घरात कुणाला न सांगता टोचून आणलं, वर सासूच्या शिव्या खाल्ल्या.

आई, मी तर एकुलता एक ना? दाराच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या खुणा आहेत, त्यांच्या शेजारी एक एकटीच खूण आहे. ती कुणाची विचारलं की तू म्हणायचीस, सुताराचा हात घसरला.

बाया डोळे पुसत होत्या. मी तडक गाडीपाशी गेलो. हा आवाज कुठला, म्हणून विचारलं. त्या दोघी संशोधक पोरींतली लहान म्हणाली, गाव सांगता येत नाही; मावशींनी बजावलंय, लांब कुठेही लावा, आमच्या गावाजवळ नको, गावातल्या कुणाकडून तरी मुलाच्या कानावर जाईल. मी म्हटलं, गेलं. ती पांढरीफटक पडली.

तसाच खोलीत गेलो आणि चिमणीला उचलून रांगेत उभा राहिलो. टोचल्यावर तिने असं भोकाड पसरलं की रांगेतले हसले. अंग जरा कोमट आहे, पण खेळतेय. माझंच डोकं अजून ठिकाणावर नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तुला विचारल्याशिवाय त्या पोरी तुझा आवाज आता लावणार नाहीत. परवा रांग नळापर्यंत गेली होती. काल गाडी मुकी उभी राहिली, आणि पलीकडच्या खोल्यांतलं कुणी आलं नाही. तिथली पोरं तापलीत. तू हो म्हण, नको म्हण, मी तेच त्यांना सांगेन, राग धरणार नाही. फक्त थोरल्याला काय म्हणून हाक मारायचीस, तेवढं मला कळव.

तुझाच,
धाकटा