सब्बल परत करण्याबाबत

गाळा क्रमांक सात,
मंडळाची वसाहत, वर्धा.
शुक्रवार.

श्री. रा. रा. महादेवराव यांस दौलतरावाचा साष्टांग नमस्कार. (तुम्ही माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठे, त्यामुळे नमस्कार दर वेळी मीच घालायचा, ही तक्रार आता पस्तीस वर्षांची झाली. कंबरेच्या डॉक्टरांनी वाकायला मनाई केली असल्यामुळे आठ अंगांपैकी दोन कमी धरावीत.) इकडे सर्व क्षेम आहे. माझी प्रकृती उत्तम, कपाळावरचं टेंगूळ सोडून. ते कसं आलं हे पुढे येईलच. सौ. गोपिकेचा गुडघा ढग आले की बोलतो, एरवी ती बोलते. तुमचं, चंदनचं, सूनबाई छायाचं आणि चंदनच्या वांग्यांचं कुशल कळवावं. रोहण्याची हवा तुम्हाला मानवली असं ऐकतो. कोणाकडून ऐकतो ते सांगत नाही, पण चंदन दर रविवारी फोन करतो.

पत्रास कारण की, माझी सब्बल. मागच्या दिवाळीनंतर तुम्ही रोहण्याला चंदनकडे सामान हलवलं, तेव्हा त्या टेम्पोतून माझी सब्बलही गेली असा मला दाट संशय आहे. ती लोखंडी पहार माझ्या वडिलांची आहे, आणि सध्या मला तिची नड आहे. कशासाठी, ते विचारू नये. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही 'बरं बरं' म्हणता आणि ठेवून देता. शिवाय ज्याचा जन्म पोस्टात टपाल निवडण्यात गेला त्याचा विश्वास अजून कागदावरच आहे. तर सब्बल परत करावी, एवढंच लिहायचं होतं. पण एका कागदाचं पाकीट आणि तीन कागदांचं पाकीट एकाच तिकिटात जातं हे मला नोकरीपासून माहीत असल्यामुळे उरलेल्या कागदांवर इकडची हकीकत लिहितो.

मंडळाची नोटीस तुम्हालाही आली आहे. चंदननं ती वाचून दाखवली, तेव्हा तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात हेही मला कळलं आहे, म्हणून पुन्हा सांगतो. ज्या मंडळानं आपल्याला ही घरं भाड्यानं दिली, तेच आता म्हणतं आहे की भाडेकरूंनो, मालक व्हा. जो ज्या गाळ्यात राहतो त्याला तो गाळा विकत, हप्ते पेन्शनीला झेपतील असे. अटी दोनच. भाडेकरू स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे, आणि घर मूळ नकाशाप्रमाणे असलं पाहिजे. पैकी पहिली अट तुम्ही मोडली आहे आणि दुसरी आपण दोघांनी मिळून. तुम्ही तपासणीला आला नाहीत तर तुमचा आठ नंबर यादीतल्या दुसऱ्या कोणाला तरी जाणार. यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "आनंदा गेली, आता मले घर काय करा लागते? देऊन टाका कोणालेबी." मी म्हटलं, माणूस जन्मभर एसटीत कंडक्टर होता, कुठं उतरायचं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. (गोपिका त्या दिवशी जेवली नाही. तिचा उपास असेल.) दुसऱ्याच्या घराच्या भानगडीत पडू नये या मताचा मी आहे. तुमचं मन बदललंच तर गाळा हातचा जाऊ नये, म्हणून आठ नंबर तेवढा राहता दिसेल अशी व्यवस्था केली, बाकी काही नाही.

व्यवस्था म्हणजे काय, तर तुमचे जुने खाकी शर्ट ट्रंकेतून काढले, धुतले आणि तुमच्या दोरीवर वाळत घातले. यात माझी एक चूक झाली. आपली वसाहत मी विसरलो. तासाभरात समोरच्या विमलाबाईंनी शर्ट पाहिले आणि महादेवराव आले म्हणून ताटलीभर आलूबोंडे घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, झोपले आहेत, तब्येत बरी नाही. इथं दुसरी चूक झाली, कारण तब्येत बरी नाही म्हटल्यावर तर रांगच लागली. कोणी पाटवडीचा रस्सा आणला, कोणी मुगाची खिचडी, कोणी कडू काढा, आणि रिकामं भांडं परत न्यायला प्रत्येक जण तासाभरानं हजर. भांडं भरलेलं परत केलं तर तुमची तब्येत फारच बिघडली असं होईल, म्हणून ते सगळं मला खावं लागलं, काढ्यासकट. चार दिवस मी दोन माणसांचं जेवलो. एक गोष्ट सांगतो महादेवराव, माझ्या आजारपणात या लोकांनी फक्त चौकशी केली होती.

चौथ्या दिवशी तीन नंबरचे अण्णाजी आले. त्यांना ऐकू कमी येतं आणि बोलणं जास्त येतं. तुमच्या ओट्यावर बसून, तुमच्या बंद दाराला टेकून, ते दोन तास आपल्या जावयाबद्दल बोलले. मी आपल्या दोन घरांमधल्या दारानं आत जाऊन बसलो होतो. मधूनमधून 'हं' म्हणत होतो. तुमचा 'हं' मला हुबेहूब जमतो, पस्तीस वर्षं त्याखेरीज तुमच्याकडून काही ऐकलेलंच नाही. जाताना अण्णाजी सगळ्यांना सांगत गेले, "महादेवराव आजारी हाये खरा, पण पह्यल्यापेक्षा बोलका झाला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं विमलाबाई म्हणतात. मला त्या रस्सा-खिचडीपेक्षा ते पाणी जड गेलं.

आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या उज्वला मॅडम आल्या. आमच्या नयनच्या वयाची मुलगी, हातात टेप आणि कागद. सहज पाहणी करायला म्हणून न सांगता आली. तिनं आधी आठ नंबरची कडी वाजवली. मी सात नंबरात बनियनवर पेपर वाचत होतो. मधल्या दारानं पळत गेलो, दोरीवरून आत आणलेला तुमचा शर्ट चढवला (तो मला गुडघ्यापर्यंत येतो) आणि दार उघडलं. तिनं विचारलं, महादेवराव का? मी 'हं' म्हटलं. याला खोटं म्हणता येणार नाही, हं म्हणजे काहीही होतं. तिनं लिहून घेतलं आणि सात नंबरची कडी वाजवली. मी परत मधल्या दारानं पळालो, शर्ट काढला, दार उघडलं. दौलतराव का? हो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात तुमची. मग पोरगी शांतपणे म्हणाली, "काका, मधातलं दार कुठी आहे ते दाखवा."

मी पडदा सरकवला. दुसरं काय करणार होतो? मला वाटलं होतं ती चिडेल, पण तिनं टेपनं दार मोजलं आणि हे कोणी पाडलं असं विचारलं. उत्तर गोपिकेनं दिलं, चहा देता देता. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी नव्हतं आणि तुमच्या नळाला होतं. आनंदावहिनी म्हणाल्या, बाई, बादल्या काऊन वाहून राह्यली, पाइप घाल ना इथून. आणि तुम्ही सब्बल घेऊन एक वीट काढली. दुसरी वीट भाजीची वाटी आडवी जाईना म्हणून काढली. चंदन पाच वर्षांचा असताना आमच्या तान्ह्या नयनला पाहायला त्या भोकात डोकं घालून अडकला, त्याला सोडवायला चार विटा गेल्या. मग बरीच वर्षं भोक तेवढंच राहिलं. बाकीच्या विटा दोन वर्षांपूर्वीच्या. वहिनी अंथरुणाला लागल्या आणि गोपिकेला वेळीअवेळी धावावं लागे, तेव्हा एका दुपारी तुम्ही कोणाशी न बोलता उरलेलं सगळं पाडलंत आणि मी चौकट बसवली. फळ्या आपण लावल्याच नाहीत. वहिनी पलंगावर पडून आमच्या चुलीवर काय शिजतंय ते सांगायच्या, आणि मीठ कमी आहे हेही. वासावरून मीठ कसं कळतं हे त्यांनाच ठाऊक, पण ते कमीच निघायचं. हे सांगताना गोपिका रडली, आणि लिहायला हरकत नाही, मीही रडलो.

उज्वला मॅडमनी टेप गुंडाळून घेतली. त्या स्वतः सावंगीला भाड्यानं राहतात, आणि त्यांच्या घरमालकानं भिंतीत खिळा ठोकायलाही बंदी केली आहे. शेवटी त्यांनी माझा 'हं' कागदावरून खोडला आणि सांगितलं की येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता शेवटची तपासणी आहे. तोवर भिंत नकाशाप्रमाणे बांधून घ्या. आणि आठ नंबरात खरे महादेवराव बसलेले पाहिजेत, दुसरा कोणी चालणार नाही. ते घरी आले की राहते झाले, असंही म्हणाल्या, आधी कुठं होते ते मी विचारणार नाही.

काल चिंधू मिस्त्री येऊन भिंत बांधून गेला. अर्ध्या दिवसाचं काम. शेवटची वीट बसण्याआधी गोपिकेनं त्या भोकातून हात घातला आणि थोडा वेळ तसाच पलीकडे राहू दिला. चिंधू वीट हातात धरून थांबला.  आज सकाळी मात्र मी नेहमीसारखा चहाचा कप घेऊन तुमच्या खिडक्या उघडायला निघालो आणि सरळ भिंतीवर जाऊन आदळलो. तेच ते टेंगूळ. चहा बनियनवर सांडला. गोपिका हसली, मग हसता हसता पदरानं भिंत पुसू लागली. घर आता नकाशाप्रमाणे आहे महादेवराव, अगदी तंतोतंत. नकाशा काढणाऱ्यानं इथं कोणी राहील असा विचार केला नव्हता, इतकंच.

तर अशी इकडची हकीकत. तुम्ही यावं असं माझं म्हणणं नाही. तुमचा निर्णय पक्का आहे आणि मी त्याचा मान ठेवतो. यादीतला जो कोणी आठ नंबरात येईल तोही माणूसच असेल. त्याच्याशी मी ओळख करून घेईन, वाटी पुढच्या दारानं देईन, आणि तो 'हं' न म्हणता पूर्ण वाक्यं बोलत असेल तर मला बदलच वाटेल. चंदनला आणि छायाला आशीर्वाद.

तुमचा,
दौलतराव

ता. क. : गुरुवारी तुम्ही दुसऱ्या काही कामानं वर्ध्याला येणारच असाल, तर आधार कार्ड आणि दोन फोटो जवळ असू द्यावेत. फोटो अलीकडचे. कंडक्टरच्या बिल्ल्यावरचा चालणार नाही, मी विचारून ठेवलं आहे. बुधवारी संध्याकाळच्या गाडीनं आलात तर बरं, कारण सकाळच्या गाडीचा भरवसा नाही हे तुम्हीच जन्मभर प्रवाशांना सांगितलं आहे.

आणखी ता. क. : वर एक गोष्ट लिहायची राहिली. उज्वला मॅडम निघताना दारात थांबून म्हणाल्या, की घरं नावावर झाली म्हणजे मधली भिंत दोन्ही मालकांची होते. मग दोघांनी मिळून अर्ज केला आणि वर भार पेलणारं सिमेंटचं लिंटल नीट टाकलं, तर तिथं दार करायला मंडळाची ना नाही. (आतापर्यंत लिंटलशिवाय वरची भिंत खाली कशी आली नाही, याचं त्यांना नवल वाटलं.) दोन्ही मालकांनी, महादेवराव. मला एकट्याला ते दार उघडता येत नाही. म्हणून चिंधूला विटा सिमेंटमध्ये न बसवता नुसत्या मातीच्या गाऱ्यात बसवायला लावल्या आहेत, वर पातळसं प्लास्टर. तो म्हणतो, सब्बलीचे दोन ठोके बास. आता सब्बल कशाला पाहिजे ते तुमच्या लक्षात आलं असेल. ती पोस्टानं येत नाही. ज्यानं नेली त्यानंच आणून द्यायची असते.

भाऊजी, मी गोपिका. हे बाहेर गेले तं पाकीट चिटकवाच्या आधी पत्र वाचून घेतलं. यायनं बाकी सारं खरं लिव्हलं, पण भिंतीले कान लावून बसतेत ते नाई लिव्हलं. काल संध्याकाळपासून दोनदा पाह्यलं म्या. म्या इचारलं, काय आयकता? तं म्हनते, काई नाई, पोकळ वाजते का पाहून राह्यलो. आनंदाबाईचा फोटो म्या आमच्या इकडं आणला नाई, तिच्याच घरात ठेवला, आता पुढच्या दारानं जाऊन दिवा लावतो. तुम्ही बुधवारी येजा. आणि सब्बलीसाठी तिकडं घर धुंडत बसू नका. ते तुम्ही नेलीच नव्हती. आमच्या पलंगाखाली पडून हाये, यायनंच पोत्यात गुंडाळून ठेवली. तुम्ही रिकाम्या हातानं येजा.