चार टांकसाळींची ओळ

मुलुंड,
रविवार दुपार

प्रिय हर्षद,

आई जेवून आडवी झाली आहे आणि मी तिच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून लिहायला बसले आहे. पत्र कशाला, फोन कर की, असं ती म्हणालीच. पण फोनवर तू "बोल ताई" म्हणालास की गोळ्या, लाइट बिल आणि माझ्या गार्गीची परीक्षा यापलीकडे मला काही सुचत नाही, हे तुलाही माहीत आहे. पाकीट आईकडे ठेवून जाते. पुढच्या रविवारी तू आलास की देईल. विसरली तर फ्रिजवर बघ. आणि हो, मोरीतला नळ तू बसवून गेलास, आता अजिबात गळत नाही.

बाबांच्या नाण्यांबद्दल लिहायचं आहे. ती विकायची हे आपलं ठरलेलंच आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. बाबाच सांगायचे ना, माझ्याकडची निम्मी नाणी कुणा ना कुणाच्या वडलांची आहेत, पोरांनी विकली म्हणून मला मिळाली; मी गेल्यावर तुम्ही कपाटात कोंडून ठेवू नका, ज्याला बघून आनंद होईल त्याला द्या. उरलेली निम्मी गल्ल्यातली. गिरणी बंद पडून ते औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागले तेव्हा आई रडायची आणि हे खूश, कारण दिवसभर नाणी हातातून जायची. एखादं आवडलं की मालकाला दाखवायचं, आपल्या खिशातलं गल्ल्यात टाकायचं आणि ते घरी आणायचं. आई म्हणायची, लोक पगार घरी आणतात, आमचे हे सुट्टे आणतात.

गेल्या महिन्यात मी माझ्या वाट्याचा डबा इथे आणला आणि कामाला लागले. सुटं राहिलेलं एकेक नाणं कडेला धरून उचलायचं, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचं, वर पेन्सिलीने साल लिहायचं. बाबा करायचे तसंच, फक्त माझ्या चौकटी वाकड्या होतात. एकदा येते तो आई चिंच भिजवून तयार. विकायला न्यायची तर घासून चकचकीत नको का करायला, लोक काय म्हणतील! मी अक्षरशः तिच्या हातातून वाटी काढून घेतली. घासलेल्या नाण्याला कुणी विचारत नाही म्हटलं तर म्हणाली, मग तुझ्या बाबांनी पितळेची भांडी तेवढी माझ्याकडून का घासून घेतली जन्मभर? खूप दिवसांनी हसली. मीही हसले.

मग अंधेरीचे कामेरकर म्हणून नाणी घेणारे आहेत, त्यांच्याकडे गेले. बाबा त्यांच्याकडे जायचे. त्यांनी भिंग लावून अल्बमची दोन पानं बघितली आणि भिंग खाली ठेवलं. म्हणाले, अहो ताई, यातली अर्धी माणसं कुठे गेली? मला कळेना. तेव्हा त्यांनी दाखवलं. तुला आठवत असेल, सालाखाली चौकोन असला तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, तारा असला तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं आणि काहीच खूण नसली तर कोलकात्याचं. बाबांनी एकाच सालाची चारही ठिकाणची नाणी मिळवून ओळी लावल्या होत्या. मुंबई आधी, कारण आपलं गाव. मग कोलकाता, हैदराबाद, नोएडा. एकेका ओळीला त्यांना वर्षं लागली आहेत.

आणि तेराव्यानंतर आईने काय केलं? दोघांना समोर बसवलं आणि म्हणाली, माझ्या डोळ्यांदेखत वाटणी होऊ दे, नंतर भांडायचं नाही. फटाके, शेव, गावाहून आलेले आंबे वाटायची तसंच. एक तायडीचं, एक हर्षदचं, पुन्हा एक तायडीचं. मी मोठी म्हणून प्रत्येक ओळीत सुरुवात माझ्यापासून. आपण दोघं खाली मान घालून घेत गेलो. त्या दिवशी नाण्याकडे बघवत होतं कुणाला? त्यामुळे मुंबई आणि हैदराबाद सगळं माझ्याकडे, कोलकाता आणि नोएडा सगळं तुझ्याकडे. एकही ओळ शाबूत नाही. कामेरकर म्हणाले, वाटण्या पुष्कळ बघितल्या, पण इतकी प्रामाणिक वाटणी पहिल्यांदाच बघतो. असा अर्धा संग्रह ते घेणार नाहीत. सुट्टा घेतला तर फुटून दहा जणांकडे जाईल, तेही त्यांना बरं वाटत नाही. बाबांना ओळखत होते म्हणून असेल.

त्यांनीच मला ऋतिकाचा नंबर दिला. जोगेश्वरीला राहते, शाळेत शिकवते. तिला कोरी, पेटीतली नाणी नकोत, लोकांच्या हातांतून फिरलेलीच हवीत. आमच्याकडे घाटकोपरला येऊन गेली. किमतीचं नंतर बोलू म्हणाली आणि बाबांबद्दलच विचारत बसली. बाबांनी केलेल्या जुन्या चौकटींवरच्या चिकटपट्ट्या बघून म्हणाली, किती सरळ लावल्यात हो, घाईचं एकही काम नाही. मला उठून आत जावं लागलं. तिला संग्रह हवा आहे, पण पूर्ण, ओळी लागलेला. फोडणार नाही म्हणाली, आणि माझा विश्वास बसला. पण तुझा वाटा आला नाही तर हे होणार नाही.

मानसीशी बोलले मी. तुझा डबा अजून माळ्यावरच आहे, तू उघडलेला नाहीस, असं ती म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. मीही माझा डबा पावसाळाभर उघडला नव्हता. झाकण काढलं की बाबांच्या कपाटाचा वास येतो. पहिल्या दिवशी त्रास झाला, मग नाही. आता तर हात लावला की बरं वाटतं.

नाण्यांबरोबर त्याच दिवशी आईने आणखी एक वाटणी केली. एक रविवार तुझा, एक माझा, म्हणजे कुणावर ताण नको. आपण तीही पाळली. एकदाही चुकलो नाही. गणपतीलासुद्धा मी पहिल्या दिवशी येऊन गेले आणि तू गौरींना. मी येते तेव्हा नळ बसवलेला असतो, गॅस लावलेला असतो, आईची नखं कापलेली असतात. म्हणजे तू येऊन गेलास हे कळतं. माझंही तुला असंच कळत असेल. पण त्या वाटणीच्या दिवसापासून मी तुला समोर बघितलेलं नाही, हर्षद. बाबांबद्दल माझ्या घरी सगळे आस्थेने ऐकतात, पण त्यांना ते सांगावं लागतं. तुला सांगावं लागलं नसतं. ऋतिका तुला हे पत्र मिळेल त्याच्या पुढच्या, म्हणजे माझ्या रविवारी इथे मुलुंडला येणार आहे, चारच्या सुमारास. तो दिवस मी मुद्दाम दिला. तू डबा घेऊन सकाळीच ये. मानसीला आणि सिद्धेशलाही आण. मी सुरमई आणते, तू कोलंबी आण, आणि जेवणानंतर आपण दोघं मिळून ओळी लावू. तिला संग्रह पसंत पडला नाही आणि विक्री झाली नाही तरी चालेल. तू ये. आईला मी यातलं काही बोललेले नाही. दार उघडून ती म्हणेल, अरे, आज तुझा रविवार नाही. तेव्हा तिला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी आत मासे धूत असेन, पण कान दाराकडे असतील.

तुझीच,
तायडी