नणंदेचं पात्र

१२ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

आईच्या शेवटच्या आजारपणावरची कथा तिसऱ्यांदा परत आली. संपादकांनी कळवलंय की आई फार गोड आहे, पण दिसत नाही. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडतात, त्यात हे. लिहिणंच सोडावं म्हणतो. तू तीस वर्षं छापखान्यात लोकांच्या कथांची प्रुफं तपासलीस, तर एकदा वाच आणि सोडू की नको ते सांग.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा भाचा

२० मार्च

चि. लेखकरावांस, अ. आ.

भिंग घेऊन वाचते, म्हणून उशीर झाला. ही बाई कोण रे? माझी वहिनी नव्हे. ही शेवटपर्यंत हसत पडून राहते. वहिनी नर्सवर खेकसायची, एकदा जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं होतं, आणि तू उठलास की तुझा सदरा धरून ठेवायची. हे तूच तेव्हा मला पत्रांतून लिहायचास, आणि कथेपेक्षा कितीतरी बरं लिहायचास. विशेषणं काढ. जे लिहायला हात धजत नाही ते आधी लिही. मी जन्मभर चुकाच काढल्या, यापलीकडे मला काही येत नाही.

पायांना तेल लावत जा. लोभ आहेच, तो मागू नकोस.

आत्या

९ एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न.

पुन्हा लिहिली. पार दमलोय. ताट फेकलंय. आता त्यात एक नणंदही आली आहे. येते म्हणाली आणि आली नाही. आई रोज दुपारी दाराकडे बघत राहायची. छापायला देण्याआधी तुला पाठवतोय. नको म्हणालीस तर फाडून टाकीन.

तुझा भाचा

१८ एप्रिल

चि. बाळास, अ. आ.

कथा जमली आहे. दोन दिवस लाल पेन्सिल हातात धरून नुसती बसले होते. सुटी मिळत नाही असं तेव्हा कळवलं, ते खोटं होतं. सुटी मिळाली होती. बॅग भरून स्टँडपर्यंत गेले आणि घरी परतले. वहिनीला तसं बघायची मला भीती वाटली. हवं तर हेही घाल.

नणंदेचं काही गाळू नकोस. फक्त मुलगा तिला माफ करतो ते शेवटचं वाक्य मी खोडलंय. ते कथा नीट संपावी म्हणून लिहिलंयस, मला कळतं. खरं असेल तर कथेत नको, मला पत्रात लिही. नसेल तर दुसरं काही लिही, पण पत्र पाठव.

तुझी आत्या