दहावी ब ची हजेरी

माननीय मोठ्या बाई,

गैरहजेरी कमी व्हावी म्हणून तुम्ही नियम बदललात. हजेरी आता वर्गात नाही, फाटकावर कारकून काका घेतात. महिन्याभरात दहावी ब ची हजेरी साठ टक्क्यांवरून नव्वदवर गेली. सभेत तुम्ही माझं कौतुक केलंत, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या गणिताच्या तासाला खिडकीजवळचा बाक रोज रिकामा, आणि कागदावर तिथे बसणारी मुलगी रोज हजर.

तुमची मर्जी राखायला काका आकडे फुगवतात, असं मी धरून चालले. काल त्यांना सरळ विचारलं, "न आलेल्या मुलीला हजर का दाखवता?"

"बाई, ती येते की. तुमच्या तासाला ग्रंथालयात बसते."

"कोणाच्या परवानगीने?"

"मोठ्या बाईंच्या," ते खाली बघत म्हणाले. "नाहीतर ती शाळाच सोडणार होती."

सत्राच्या सुरुवातीला मी तिला अख्ख्या वर्गासमोर ढ म्हटलं होतं. त्यानंतर ती येईनाशी झाली, तेव्हा हजेरीपटात कारणाच्या रकान्यात मी 'घरगुती अडचण' लिहिलं.

तुम्हाला हे ठाऊक होतं, तरी कौतुक केलंत. मी स्वतःच शोधून काढावं म्हणून, असा मला आता संशय येतो.

हे पत्र मी देणार नाही. दिलं तर तुम्ही आम्हा दोघींना समोर बसवाल, आणि ती भिडेखातर "काही नाही, बाई" म्हणेल. आज मी ग्रंथालयात तिच्या शेजारी बसले आणि "माझं चुकलं" म्हणाले. तिने वही माझ्यापासून लांब ओढली.

उद्या पुन्हा जाईन.

आपली,
दहावी ब ची वर्गशिक्षिका